दगड की मेंढी

ते फोटो मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी निःपक्षपाती आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये मी ज्या कंपनीत आहे ती हॉटेलांच्या भिंती भरून देते. हॉटेल कुठलंही असो, प्रत्येक पलंगाच्या वर काहीतरी टांगावं लागतं, आणि ते असं असावं लागतं की पाहुण्याला फार आवडूही नये आणि नावडूही नये. मी फ्रेमिंगचं बघते. मध्यंतरी अमेरिकेतून एक कंटेनर आला. तिथल्या कुठल्याशा बंद पडलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानाचा सगळा माल आमच्या मालकानं न बघताच उचलला होता. त्यात पाय मोडलेल्या खुर्च्या होत्या, पितळी दिवे होते आणि खोकी भरभरून रंगवलेले फोटो होते.

हे फोटो शंभरेक वर्षांपूर्वीचे. तेव्हा रंगीत फिल्म घरोघरी पोचलेली नव्हती. एखाद्या खेड्यातल्या वाटेचा, ओढ्याचा काळापांढरा फोटो काढायचा, तो खरखरीत कागदावर छापायचा आणि मग कामावर ठेवलेल्या बायकांनी त्यावर हातानं रंग चढवायचे. आकाशाला कापसाचा बोळा, फुलांना बारीक ब्रश. नंतर तो साईच्या रंगाच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि खाली पेन्सिलीनं तिरप्या अक्षरात नाव घालायचं. अमेरिकेतले लोक त्या काळात खेडी सोडून शहरात निघाले होते, आणि शहरात गेल्यावर त्यांना भिंतीवर खेडं हवं होतं. आमच्या मॅनेजरनं हे सगळं वाचून काढलं होतं आणि तो ते मोठ्या प्रेमानं सांगायचा.

मी एकेक फोटो टेबलावर घेऊन पुसत होते आणि माझं डोकं फिरत होतं. सफरचंदाची झाडं गुलाबी, गवत पोपटी, आकाश नुकतंच धुऊन वाळत घातलेलं. वाट छान वळते, पण वाटेवर कुणी नाही. घर आहे, चुलीचा धूर नाही. शेण नाही, उकिरडा नाही, दोरीवर एक परकर नाही. मी रत्नागिरीकडची, खाडीकाठची. गाव काय असतं ते मला माहीत आहे. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते ठीक, पण यांनी जवळचा चिखलसुद्धा साजरा करून टाकला होता.

त्याच आठवड्यात भाईचा फोन आला. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. तो अबू धाबीला मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. व्हिला आहे, म्हणजे व्हिल्याचा खालचा मजला आहे. तो सगळ्यांना व्हिलाच सांगतो.

"हॉलसाठी काहीतरी क्लासी पाठव ना," तो म्हणाला. "मोठं पाहिजे, वॉल एकदम एम्प्टी दिसतेय. बट जानदार नको हां. अम्मी त्याच वॉलकडे तोंड करून नमाज पढते."

जानदार म्हणजे जीव असलेलं काहीही. माणूस, गाय, चिमणी. आमच्याकडे नमाजच्या जागी असलं चित्र लावत नाहीत. ज्या घरात असं चित्र असतं तिथं फरिश्ते येत नाहीत असं अम्मीनं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. भाईची अट ऐकून मला हसू आलं, कारण माझ्या टेबलावर नेमकी तीच चीज पडलेली होती. एकही जीव नसलेलं गाव. त्यातला सगळ्यात मोठा फोटो मी निवडला. एक वाट, वाटेच्या कडेनं दगडांचा बुटका गडगा, गुलाबी झाडं, मागं टेकडी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, घराकडे. मालकाला विचारून, नवी काच बसवून मी तो ड्रायव्हरबरोबर पाठवून दिला. भाईच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

ते कळलं पुढच्या शुक्रवारी. मी जेवायला गेले होते. जुम्म्याच्या नमाजहून भाई आला, अम्मीला हाताला धरून हॉलमध्ये घेऊन गेला आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "अम्मी, गाव गाव करत होतीस ना? हे घे गाव. खलास."

इथं जरा मागचं सांगायला हवं. अम्मी गावी आमच्या घरात एकटी राहायची आणि मजेत राहायची. अब्बा गेले, आम्ही दोघं इकडे, पण तिला एकटेपणा ठाऊक नव्हता, कारण तिला शेजारीण होती आणि शेजारणीशी भांडण होतं. दोघींच्या अंगणांच्या मधे गडगा. शेजारीण दर पावसाळ्यानंतर पडलेले दगड पुन्हा रचायच्या निमित्तानं तो वीतभर आमच्याकडे सरकवायची, आणि अम्मी तो परत वीतभर तिकडे सरकवायची. दोघींचं रक्त त्यावर खेळतं राहायचं. मग एका पावसाळ्यात अम्मी अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि पाय मोडून दुपारभर तशीच पडून राहिली. तिला उचललं ते त्याच शेजारणीनं. भाई विमान पकडून गेला आणि तिला घेऊन आला. पाय बरा होईपर्यंत, असं तेव्हा ठरलं होतं. पाय बरा झाला. अम्मी इथंच राहिली.

भाई घाबरला होता हे मला मान्य आहे. आई पुन्हा पडली आणि मी इथं मीटिंगमध्ये बसलोय, हे त्याच्या स्वप्नात येत असणार. पण घाबरलेला माणूस घाबरलोय असं म्हणत नाही, तो हुकूम सोडतो. भाईनं गावच्या घराला कुलूप घातलं, चुलतभावाला चावी दिली, आणि इथं सोफ्यावर बसून फोनवरून नारळ पाडायला सांगू लागला. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात त्यातलाच प्रकार, आणि इथं तर उंटही हजर आहेत. अम्मीनं घरी जायचं काढलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "इन्शाल्ला, अम्मी, बघू." या देशात इन्शाल्लाचा अर्थ काय होतो ते सरकारी खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा.

मी तिला म्हटलं होतं, मी तिकीट काढते, मी सोडून येते. तिला ते पटलं नाही. "पळून जायला मी काय नवरी आहे?" ती म्हणाली. "मुलानं आणलं, मुलगाच जा म्हणेल. तो जा म्हणाला की जाईन. मला तिथं मरायचंय, अब्बाच्या शेजारी. इथल्या वाळूत मला कोण ओळखतं?" तिनं हे रडून वगैरे सांगितलं नाही. भेंडी चिरता चिरता सांगितलं. एवढंच तिचं मागणं होतं, मुलाच्या तोंडचा एक शब्द. आणि त्याच्या बदल्यात त्यानं तिच्या तोंडाला पानं पुसली, तीही हातानं रंगवलेली, माझ्याच टेबलावरून उचललेली.

तर त्या शुक्रवारी अम्मीनं चष्मा लावला आणि चित्र नीट बघितलं.

"हे कुणाचं गाव?" तिनं विचारलं.

"अमेरिकेतलं आहे, पण सेम टू सेम आपलं. हा बघ गडगा. ही पाखाडीची वाट. झाडं बघ, मोहोर आलाय. खाली लिहिलंय पण, होमवर्ड."

"आणि माणसं?"

"माणसं तुलाच चालत नाहीत ना, अम्मी. नमाजच्या समोर."

"भिंतीवर नाही चालत," अम्मी म्हणाली. "गावात चालतात."

भाभी पटकन बिर्याणी वाढायला गेली. मी भाईकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी काय बोलले असते ते मला माहीत होतं, आणि जेवण अजून व्हायचं होतं.

त्यानंतर त्या चित्राचा भाईनं जो दरबार भरवला तो मला आजही आठवला की नाकाला मिरच्या झोंबतात. जो येईल त्याला तो चित्रासमोर उभा करायचा. जबल अलीला असलेले आमचे चुलतभाऊ आले, दापोलीकडचे कुणी आले, श्रीवर्धनचं एक कुटुंब आलं. सगळे तेच म्हणायचे. अरे, हे तर आमच्या गावासारखं. कुणाच्या गावात सफरचंदाची गुलाबी झाडं होती? पण एकानंही तसं म्हटलं नाही. वर्षातून पंधरा दिवस गावी जाणारे, गेल्या गेल्या नेट का चालत नाही म्हणून ओरडणारे हे लोक, त्या पोपटी गवतासमोर हात मागं बांधून उसासे टाकायचे. ज्यानं त्या बायकांकडून हे रंगवून घेतलं असेल त्याला गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं.

अम्मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर तसबीहचे मणी ओढत हे सगळं ऐकायची. एकदा ती श्रीवर्धनच्या बाईंना म्हणाली, "गडगा बघा, एक दगड सरकलेला नाही. म्हणजे या लोकांना शेजारीच नव्हते." बाईंना वाटलं म्हातारी कौतुक करतेय. त्या हो हो म्हणाल्या.

आणि मग माझ्या भाचीनं कळस केला. भाईची मुलगी, नववीत, जन्म इथला, शाळा इथली. शाळेत प्रत्येकानं आपल्या मूळ गावाबद्दल बोलायचं होतं. हिनं मोबाइलवर त्या चित्राचा फोटो काढला आणि वर्गात पडद्यावर लावला. हे माझं नेटिव्ह प्लेस. टीचरनं म्हणे तिची फार स्तुती केली. ती आनंदानं घरी येऊन सांगत होती, आणि भाईसुद्धा, मला वाटलं होतं तो तरी वरमेल, तर त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली.

अम्मीनं मला फोन केला. तिचा आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता. "पोरीला वाटतं आपण तिथले आहोत," ती म्हणाली. "उद्या हे चित्र दाखवून तुझा भाई म्हणेल घर कशाला ठेवायचं. गाव आहे ना भिंतीवर. ते खाली उतरलं पाहिजे."

"मग सांग त्याला."

"सांगून उतरवेल तर माझा मुलगा कसला? तू गप्प राहा. मी बघते."

ती खरोखरच बघायला लागली. तिनं खुर्ची कोपऱ्यातून उचलून भिंतीसमोर आणली. सकाळी भाई कामावर, मुलं शाळेत, भाभी मुसफ्फाला बाजारात, आणि अम्मी चष्म्याच्या वर चष्मा लावून अमेरिकेतला तो डोंगर विंचरतेय. तिला फक्त एक जीव हवा होता. एखादा पक्षी, खिडकीत एखादं डोकं, गवतात एखादं मांजर. जीव सापडला की चित्र उतरणार, आणि ते उतरवायला लावणारी अट भाईनं स्वतःच घातलेली. मला हे कळलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन हसले. म्हातारीचं डोकं गडग्यावरून भांडताना होतं तेवढंच अजून तल्लख होतं.

आणि तिला सापडलं. गडग्याच्या पलीकडे, गवतात, नखाएवढा एक पांढरा ठिपका. भाचीच्या मोबाइलवर तो मोठा करून बघितला तर ठिपक्याला एका बाजूनं जरा निमुळतं टोक होतं. अम्मीनं जाहीर केलं, मेंढी आहे.

"तो दगड आहे, अम्मी," भाई म्हणाला.

"मेंढी आहे."

"तू कोकणात मेंढी बघितलीस कधी?"

"कोकणात नाही बघितली. गेल्या बकरीदला इथं बघितली. तूच आणली होतीस."

"दादी, इट्स अ रॉक," भाची म्हणाली.

"तुला गाव कुठलं ते माहीत नाही, तू मला मेंढी शिकवू नकोस."

त्या दिवसापासून अम्मीनं हॉलमध्ये नमाज पढणं बंद केलं. ती मुसल्ला घेऊन किचनमध्ये गेली. फ्रीज आणि वॉशिंग मशिनच्या मधे जी जागा होती तिथं तिनं तो अंथरला. आता दुपारी जोहरच्या वेळी भाभीला फोडणी द्यायची पंचाईत, संध्याकाळी असरच्या वेळी चहाची. भाभी बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती दोन्हीकडून भाजून निघाली. भाईनं अम्मीला समजावलं, मग आवाज चढवला, मग अबोला धरला. अम्मी नमाज संपवून, सलाम फेरून शांतपणे विचारायची, "मेंढी उतरवलीस?"

शेवटी त्यानं तो ठिपका मोठा करून आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि विचारलं, हे काय आहे, खरं सांगा. मला वाटतं आमच्या खानदानानं इतक्या एकाग्रतेनं कधी कुठल्या गोष्टीचा विचार केला नसेल. जबल अलीनं दगड म्हटलं. गावच्या चुलतभावानं, ज्याच्याकडे घराची चावी होती, तर अगदी ठासून दगड म्हटलं. रत्नागिरीच्या फुफीनं बकरी म्हटलं. कुवेतवरून कुणीतरी कुत्रा सुचवला आणि मग कुत्रा असला तर आणखीच वाईट यावर वेगळी चर्चा सुरू झाली. एकजणही असं म्हणाला नाही की अरे, म्हातारीला घरी जायचंय, तिला जाऊ दे. ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच सगळे मेंढीवर बोलत होते.

मग दोघांनी मला बोलावलं. भाई म्हणाला, "तू या फील्डमधली आहेस, तू येऊन ओपन करून बघ आणि फायनल सांग. तू म्हणशील ते मी अॅक्सेप्ट करतो." अम्मीनं वेगळा फोन करून सांगितलं, "खरं तेच सांग. मला तुझं खोटं नको." म्हणजे मला सुटकाच ठेवली नव्हती.

मी शुक्रवारी भिंग आणि चिमटे घेऊन गेले. डायनिंग टेबलावर चादर अंथरली. फ्रेम पालथी घातली, मागचा कागद सोडवला, खिळे काढले, काच बाजूला केली. सगळे उभे होते. अम्मी बसली होती. मी भिंग त्या ठिपक्यावर धरलं आणि माझ्या मनात आलं की हे आधीच बघायला हवं होतं, कारण आता जे दिसत होतं त्यानं कुणाचंच समाधान होणार नव्हतं.

खाली फोटो होता आणि वर रंग. खालच्या फोटोत तो दगड होता. स्वच्छ दिसत होतं. गडग्यातून निखळून गवतात पडलेला एक दगड, वरून उजेड पडल्यामुळे फिकट. पण रंगवणारीनं त्यावर पांढरा रंग भरला होता, आणि भरताना तिचा हात दगडाच्या बाहेर गेला होता. चुकून नव्हे. तिनं बारीक ब्रशनं एक डोकं काढलं होतं, निमुळतं, खाली वाकलेलं, आणि त्याखाली राखाडी रंगाचे दोन पाय. दिवसभर तीच गुलाबी झाडं, तेच पोपटी गवत रंगवून त्या बाईला कंटाळा आला असेल. किंवा तिलाही ते गाव फार गप्प वाटलं असेल. तिनं मालकाच्या नकळत त्यात एक जीव सोडून दिला होता. त्या फोटोंतली ही एकच गोष्ट मला आवडली.

"सांग," भाई म्हणाला.

"फोटोत दगड आहे," मी म्हटलं. "रंगात मेंढी आहे."

"म्हणजे ओरिजिनली दगड," भाई म्हणाला. "रिअॅलिटीत तिथं दगड होता. विषय संपला."

"दिसतंय काय?" अम्मी म्हणाली. "दिसते मेंढी. डोकं आहे का? आहे. पाय आहेत का? आहेत. उतरव."

"अम्मी, तू हे जाणूनबुजून करतेयस."

"तूही जाणूनबुजून लावलंस."

भाई माझ्याकडे बघत होता, जणू मीच मेंढी काढून आणली होती. मी म्हटलं, "भाई, तू म्हणालास तू अॅक्सेप्ट करशील. आता चित्र राहू दे बाजूला. ती काय मागतेय ते तुला माहीत आहे."

"मला कुणी शिकवू नका," तो म्हणाला. आणि भाचीच्या पेन्सिल बॉक्समधून त्यानं काळं पेन घेतलं.

तो काय करणार ते अम्मीला आणि मला एकदमच कळलं, कारण ती पद्धत अम्मीचीच. आम्ही लहान असताना घरात बिस्किटाचा डबा आला, साबणाचं खोकं आलं, कॅलेंडर आलं आणि त्यावर बाई किंवा पोपट असला, तर अम्मी पेन घेऊन त्याच्या मानेवर आडवी रेघ ओढायची. मान कापली की ते बेजान झालं. मग डबा फळीवर राहायला हरकत नाही. भाई तेव्हा अम्मीला पेन आणून द्यायचा आणि कधीकधी हट्ट करून रेघ स्वतः मारायचा.

तो टेबलावर वाकला. मी हात मधे घालायच्या आत त्यानं त्या इवल्याशा मेंढीच्या मानेवर एक रेघ ओढली. इतक्या जोरात की कागद खरवडला गेला. शंभर वर्षांत कुणी केलं नव्हतं ते त्यानं एका सेकंदात केलं.

"झाली बेजान," तो म्हणाला. "तूच शिकवलंस. आता भिंतीवर लावतो. आता हॉलमध्ये नमाज पढ आणि हा विषय परत नको."

मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की मी भिंग चादरीवर आपटलं. पण अम्मीला राग आलेला दिसला नाही. ती खुर्चीचे हात धरून उठली आणि चालत भाईच्या समोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्या छातीपर्यंत येते. तिनं गळ्यावरची ओढणी दोन्ही हातांनी बाजूला केली आणि हनुवटी वर केली.

"मला पण मार," ती म्हणाली.

"अम्मी, प्लीज."

"मार ना. पेन हातातच आहे. एक रेघ इथं मार, म्हणजे मी पण बेजान झाले. मग मी गाव गाव करणार नाही. मग लाव मला त्याच्याच शेजारी भिंतीला. पाहुणे आले की दाखव, ही आमची अम्मी, सेम टू सेम."

"यल्ला, बस झालं," भाई म्हणाला. पण तो मागं सरकला आणि अम्मी एक पाऊल पुढं गेली. तिचा गळा तसाच उघडा होता, सुरकुत्यांचा, आणि त्यातली एक शीर उडताना मला दिसत होती. भाचीनं तोंडावर हात ठेवला होता. भाभी म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना त्यांना."

"मार," अम्मी म्हणाली.

भाईचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. इतके महिने त्यानं सांभाळलेलं सगळं, आपण चांगला मुलगा आहोत हे, आईला व्हिल्यात ठेवलंय हे, लोक काय म्हणतील हे, सगळं एकदम त्याच्या घशात आलं.

"जा मग," तो ओरडला. "जा. तिकडेच जाऊन मर."

घरातल्या घरात वैतागलेला माणूस शंभरदा म्हणतो तेच शब्द. आम्ही पोरं एकमेकांना रोज म्हणायचो. पण आईला कुणी म्हणत नाही. त्याच्या तोंडून ते सुटलं. भाभीनं डोळे मिटून घेतले.

अम्मीनं ओढणी गळ्यावर परत नीट घेतली. तिनं दोन्ही हात समोर धरले, दुआ मागताना धरतात तसे, आणि ते चेहऱ्यावरून फिरवले.

"आमीन," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. "ऐकलंस ना? जा म्हणाला तो. आता तिकीट काढ," ती म्हणाली. "मुंबईचं नको, तिथून गाडीत पाय आखडतो. गोव्याचं मिळतंय का बघ."

मी मोबाइल काढला. भाईच्या हातातून पेन पडलं होतं, ते उचलायला तो टेबलाखाली वाकला. मी गोव्याच्या सगळ्या फ्लाइट वाचून दाखवल्या, अम्मीनं सकाळची निवडली, तरी तो वर आला नव्हता.